बेंबी सरकली नव्हती

पोटात ठोके उडत असतील तर पोट चोळून घेऊ नका. मला सांगायचं आहे ते एवढंच. ज्याला घाई असेल त्यानं कागद इथंच खाली ठेवला तरी माझा राग नाही. पण आमच्या वऱ्हाडात नुसतं 'नका' म्हणून भागत नाही. समोरचा लगेच विचारतो, "काहून?" त्या 'काहून'साठी बाकीचं लिहितो आहे.

लिहितो आहे ते पाठीवर पडून. छातीवर उशी, उशीवर पोरीची शाळेची पाटी, पाटीवर कागद. पोट मोकळं ठेवावं लागतं. अक्षर अगदी किडामुंगीचं आलं आहे. व्हर्नाक्युलर फायनलच्या वर्गात मास्तर माझी वही उचलून सगळ्यांना दाखवायचे. जाऊ द्या आता.

आम्ही अकोटजवळचे माळी. एक विहीर, वांगी, मेथी, कांदे, झेंडू आणि बांधाला चार ओळी संत्र्याच्या. मोट मी हाकायचो. धाकटा भाऊ गणपत वाफ्यांना पाणी वळवायचा. बायको, कौसल्या, भाजी खुडून बाजारात बसायची. आणि माझी माय लोकांच्या बेंब्या बसवायची.

हसू नका. पुण्याकडच्या लोकांना हे सांगितलं की ते हसतात. आमच्याकडे पोट दुखलं, हगवण लागली, भूक मेली की म्हणतात बेंबी सरकली. मग सकाळी, काही न खातापिता, माणूस मायसमोर चटईवर उताणा पडायचा. ती बेंबीत बोट रोवायची. आत ठोका लागतो, तो नेमका बेंबीखाली लागला तर बेंबी जाग्यावर. जरा उजवीडावीकडे लागला की सरकली. मग ती बोटांना तेल लावून तो ठोका ढकलत ढकलत मध्ये आणायची. त्यानं नाही भागलं तर पोटावर कणकेची पणती लावायची आणि तिच्यावर तांब्या उपडा घालायची. पणती विझली की तांब्या पोटाला असा धरायचा की ओढला तर अख्खा माणूस वर यावा. चार गावांतून लोक यायचे. ती कोणाकडून सुपारीसुद्धा घ्यायची नाही. घेतलं तर हाताचा गुण जातो म्हणायची.

आणि गुण यायचाही. तेही लिहायला हवं. बरे होऊन, हसत हसत घरी गेलेले शंभर लोक मी डोळ्यांनी पाहिले आहेत.

*

दसऱ्याचा झेंडू तोडून झाला होता. दुपारी मोट सोडून कडुनिंबाखाली आडवा झालो, तर धोतराची गाठ आपोआप वरखाली होताना दिसली. मी श्वास रोखला, तरी ती उडतच होती. पाठीत आठवड्यापासून एक ठसठस होती, ती मी मोटेच्या नावावर लिहून टाकली होती.

मायला सांगितलं. तिनं बोट लावलं आणि वेळेत सापडली म्हणून खुशीत हसली. "अरे बाप्पा! तुह्या बापाचीच बेंबी आली नं तुले. त्याचीबी अशीच उडे, बेंडबाजावानी."

पाच सकाळी तिनं मला चोळलं. रोज पाठीतली कळ वाढत होती. मी म्हणायचो, "माय, दुखते." ती म्हणायची, "जाग्यावर येऊन राहिली नं, दुखंनच." पाचव्या दिवशी तिनं तांब्या लावला. माझ्या डोळ्यांपुढे अंधारी आली, अंगाला गार घाम सुटला, आणि मी चटईवरच ओकलो.

कौसल्या चुलीपुढून उठली. तिनं माझ्या पोटावरचा तांब्या काढला, सरळ विहिरीवर गेली आणि आत टाकून दिला. सासूचा तांब्या! घरात महाभारत झालं. माय कपाळ बडवून घेत होती, गणपत दोघींच्या मध्ये उभा होता, आणि कौसल्या मला दंडाला धरून उठवत म्हणत होती, "उठा. अकोल्याले चाला. नाई त मी माहेरी चालली."

त्या तांब्याच्या जागी तिनं मला विहिरीत टाकलं असतं तरी मी आज तिचे पाय धरले असते.

*

अकोल्याच्या डॉक्टरांनी पोटाला हात लावला आणि विस्तवाला लागल्यासारखा काढून घेतला. एक चिठ्ठी लिहिली आणि म्हणाले, "अमरावतीला न्या. बैलबंडीत नाही, रेल्वेनं. आणि झोपवून."

अमरावतीच्या मोठ्या दवाखान्यातले डॉक्टर उंच, कोकणातले, फार कमी बोलणारे होते. त्यांनी माझ्या बेंबीच्या दोन्ही बाजूंना दोन तळवे ठेवले, अलगद, आणि कौसल्येला जवळ बोलावून म्हणाले, "बघा." प्रत्येक ठोक्याला त्यांचे हात नुसते वर उचलले जात नव्हते. ते एकमेकांपासून दूर जात होते आणि परत जवळ येत होते.

"ही बेंबी नव्हे," ते म्हणाले. "बेंबीला ठोका नसतो. ही धोरी नस."

मग त्यांनी समजावलं आणि मला ते माझ्या पद्धतीनं समजलं. काळीज म्हणजे मोट. ती भरते, रिकामी होते, पुन्हा भरते. रात्र नाही, अमावास्या नाही. तिचं पाणी ज्या मोठ्या पाटात पडतं तो पाट म्हणजे धोरी नस. ती काळजातून वर निघते, वाकडी होऊन मागे वळते आणि पाठीच्या कण्याला लागून खाली उतरते. वाटेत डोक्याला, हातांना, पोटातल्या एकेका अवयवाला फाटे देत देत बेंबीच्या मागे येते, आणि तिथं दोन पायांसाठी तिचे दोन भाग होतात. मोट ओतली की पाटात लोंढा येतो, तसा ठोका येतो. हडकुळ्या माणसाला तो बेंबीशी लागतोच लागतो. म्हणजे माझी माय जन्मभर लोकांच्या बेंबीत जे चाचपत होती ते हेच. दुखणं नव्हतं, जिवंतपणा होता.

"तुमची फुगली आहे," डॉक्टर म्हणाले. "काठ पातळ झालाय."

पाटाचा काठ खचला की काय होतं ते माळ्याला सांगावं लागत नाही. तिथं पाणी आधी फुगारा धरतं. मग एक मोट अशी पडते की सगळा काठच घेऊन जाते.

"फुटली तर?" मी विचारलं.

"तर मला बोलवायला कोणी धावेल, पण उपयोग होणार नाही."

"कापून नीट नाही करता येत?"

"करणारा माणूस मला माहीत नाही. पडून राहायचं. ओझं उचलायचं नाही, कुंथायचं नाही, ओरडायचं नाही, हसायचं नाही. पोटाला कोणी हात लावला होता का?"

मी सांगितलं. पाच दिवस, तेल, तांब्या. डॉक्टरांनी चष्मा काढून पुसला आणि परत घातला. "मग तुम्ही इथवर जिवंत कसे आलात ते मला सांगता येणार नाही," ते म्हणाले.

*

त्याच दिवशी त्यांनी आणखी एक प्रश्न विचारला, आणि तो कौसल्येसमोर विचारला. "तरुणपणी बाहेरचा नाद होता का? गर्मीचा आजार झाला होता?" त्या रोगानं ही नस सडते म्हणे. मी नाही म्हटलं. रोगी नाहीच म्हणतो हे त्यांच्या तोंडावर दिसत होतं. रक्त काढून नागपूरला पाठवलं.

उत्तर येईपर्यंत कौसल्या माझ्याशी बोलली नाही. भाकरी आणायची, खाटेशी ठेवायची, भिंतीकडे बघत बसायची. मरणाची भीती एका बाजूला आणि हे एका बाजूला. खरं सांगतो, ह्याची जास्त वाटली. पंधरा दिवसांनी कागद आला. रक्त स्वच्छ. डॉक्टरांनी तिला वाचून दाखवलं. ती बाहेर गेली, नळावर तोंड धुऊन आली आणि म्हणाली, "वांग्याची भाजी आणली हाय. तिखट नाई टाकलं." मी डोक्यावरून पांघरूण ओढून रडलो. हसायची बंदी होती, रडायची कोणी सांगितली नव्हती.

*

दवाखान्यातल्या दिवसांचं काय सांगू? पहाटे नर्सबाई थर्मामीटर लावायची. मग कडूजहर औषध, मग पातळ खिचडी, मग छताचे वासे मोजणं. सगळं भांड्यात, पडल्या पडल्या. मोट हाकणारा माणूस मी. आणि पोट साफ होताना जोर लागेल म्हणून देवाचं नाव घ्यायचो. खोकला आला की दोन्ही हातांनी पोटाला आधार द्यायचो आणि मोजायचो: एक, दोन, तीन, अजून आहे.

शेजारच्या खाटेवर दर्यापूरकडचे एक म्हातारे पाटील होते, मांडी मोडलेले. त्यांना तपकिरीची सवय. ते चिमूट ओढायचे आणि इकडे मला शिंका यायच्या. दोन दिवस मी दात आवळून काढले. तिसऱ्या दिवशी म्हणालो, "पाटील, तुमच्या तपकिरीनं माहा जीव जाईन." त्यांना वाटलं मी थट्टा करतो. नर्सबाईनं समजावलं तेव्हा त्यांनी डबी तिच्या हातात दिली. म्हणाले, "हा पोट्टा घरी जाईपर्यंत मले देजो नोको. म्या मांगली तरी देजो नोको." आणि त्यांनी मागितली, रोज मागितली, रडकुंडीला येऊन मागितली. नर्सबाईनं दिली नाही. एवढी दया माझ्यावर सख्ख्या माणसांनी केलेली मला आठवत नाही.

विलायतेतल्या लढाईमुळे एक्स-रेच्या फिलिमी मिळत नव्हत्या. म्हणून डॉक्टर दर आठवड्याला फुगाऱ्याच्या कडा दोन बोटांनी चाचपायचे आणि जांभळी पेन्सिल ओली करून पोटावर गोल काढायचे. नवी रेघ जुन्या रेघेवर बसली की मान हलवायचे. मी त्या मान हलवण्याची आठवडाभर वाट बघायचो.

एकदा असंच रेघ काढताना ते म्हणाले, "रक्त स्वच्छ आहे, तर हे घराण्यातून आलं असेल. वडील कशानं गेले?"

मी 'बेंबी तुटून' म्हणायला तोंड उघडलं, आणि डोळ्यांपुढे मायची चटई आली.

बाबाच्याही पाठीत ठसठस होती. बाबाच्याही पोटात उडायचं. माझं नुकतंच लग्न झालं होतं. मायनं त्याला चटईवर घेतलं, तर तो पाय झाडायला लागला. "धर रे पाय," ती मला म्हणाली. मी धरले. तिनं जोर लावला, तांब्या बसवला. बाबा ओरडला, "पाठीत आग लागली वो माय!" आणि भिंतीसारखा पांढरा पडला. चूल पेटवून पाणी तापेपर्यंत सगळं संपलं होतं. गाव म्हणालं, बेंबी तुटली, देवाची मर्जी. आणि माय म्हणायची, "चार दिवस आधी मले सांगतलं असतं त वाचला असता." तेव्हापासून कोणाचं पोट दुखलं की ती हातातला घास टाकून उठायची. मलाही तिनं त्याच घाईनं चोळलं होतं, उशीर होऊ नये म्हणून.

हे सगळं ऐकून डॉक्टरांनी पेन्सिल खिशात ठेवली. मग विचारलं, "भाऊ आहे?"

"एक आहे."

"त्याच्या पोटाला हात लावू देऊ नका."

कौसल्या त्या दिवशीच मायबद्दल म्हणाली, "सांगा आत्याबाईले. आज तुमी वाचले, उद्या दुसरा मरंन." मी म्हटलं, म्हातारपणी तिला हे सांगायचं पाप मी कुठं फेडू? नाही सांगितलं.

पुढच्या आठवड्यात माय भेटायला आली. माझ्या कमरेला बांधायला मंतरलेला दोरा आणि पिशवीत नवा तांब्या. मी खोटं बोललो. "डॉक्टरनं लेप लावला हाय, माय. त्यावर तेलाचा हात चालत नाई." तिनं तांब्या परत पिशवीत घातला आणि संध्याकाळच्या गाडीपर्यंत माझ्या पायथ्याशी बसून राहिली. जाताना म्हणाली, "माह्या हातानं कोनाचं वाईट झालं का आजवर?"

"नाई, माय," मी म्हटलं.

*

संक्रांतीच्या सुमाराला घरी आणलं. कडुनिंबाखाली खाट टाकली. गणपत माझ्या वाटची मोट हाकू लागला. मी त्याला बजावलं होतं, पोट दुखलं तर मायकडे जायचं नाही. "काहून?" त्यानं विचारलंच. मी म्हटलं, "म्या सांगतलं म्हनून." तो हसला. माझ्या शब्दाला वजन राहिलं नव्हतं हे त्याला दिसत होतं.

महिनाभरानं एका दुपारी तो मोट अर्ध्यात सोडून, पोट दाबत, वाकून आला. कौसल्या बाजारात होती. मायनं माझ्या खाटेपासून चार पावलांवर चटई टाकली, त्याला उताणा पाडला आणि बोटांना तेल लावलं.

"माय, हात काढ," मी म्हटलं.

"तू गपचूप पड. तुले नाई लावत म्या हात, डॉक्टरवाल्याले."

तिनं बोट रोवलं. "उडून राहिली," ती म्हणाली आणि गुडघ्यावर उठून दोन्ही तळव्यांवर भार घेतला.

उठायची बंदी होती, ओरडायची बंदी होती. मी दोन्ही केलं. खाटेवरून उतरून तिचं मनगट धरलं.

"माय, बाबाची बेंबी नव्हती सरकली! त्याची नस फुगली होती, माह्यासारखी. तू चोयली अन् ते फुटली. आता याले मारतं का?"

तेलाचे हात तसेच वर धरून ती माझ्याकडे बघत राहिली. विहिरीवर बैल उभे होते, त्यांच्या गळ्यातली घंटी वाजत होती. तिनं विचारलं, "म्हंजे म्याच?"

"हात तुहे होते. पाय म्या धरले होते."

"तुले कवापासून मालूम हाय?"

"अमरावतीपासून."

"अन् महिनाभर माह्या हातची भाकर खाऊन राहिला," ती म्हणाली, "अन् बोलला नाई."

खालून, चटईवरून, गणपत रडवेल्या आवाजात म्हणाला, "दादा, मी मरतो का आता?"

त्याला त्याच दिवशी सर्व्हिस मोटारीनं अकोल्याला नेलं. डॉक्टरांनी सगळीकडून तपासलं. नस धड होती, जशी असावी तशी. आदल्या दिवशी शेतावर हुरडा भाजला होता, ह्यानं दोघांचा हुरडा एकट्यानं खाल्ला होता. पोटात वायगोळा धरला होता, बाकी काही नाही. चूर्ण देऊन परत पाठवलं.

वायगोळा! मायला बोट लावून त्याला दोन ढेकरांत मोकळं करता आलं असतं. त्या वायगोळ्यापायी मी तिला सांगून बसलो की तुझा नवरा तुझ्या हातानं गेला. मी चुकलो का? रोज विचारतो.

*

तेव्हापासून मायनं कोणाच्या पोटाला हात लावला नाही. लोक येतात, चटईकडे बघतात. ती सांगते, "हाताचा गुण गेला. अकोल्याले जा." नव्या तांब्यानं ती तुळशीला पाणी घालते. कौसल्येनं 'मी म्हटलं होतं' असं एकदाही म्हटलं नाही. दोघी मेथी निवडत शेजारी बसतात.

घरी येताना डॉक्टरांनी जांभळ्या पेन्सिलीचा तुकडा कौसल्येजवळ दिला होता. दर शनिवारी कडा हलकेच चाचपायच्या, गोल काढायचा. रेघ बाहेर सरकायला लागली तर कळवायचं. पण कौसल्येला कड सापडायची नाही. पाच शनिवार तिनं वेडेवाकडे गोल काढले आणि रडली.

सहाव्या शनिवारी माय खाटेशी येऊन बसली. "दे इकडे ते पेन्सिल," कौसल्येला म्हणाली. मला विचारलं, "लावू का हात?"

मी धोतर सैल केलं.

जन्मभर ठोके ओळखलेली बोटं ती. फुलावर माशी बसावी एवढाही भार नव्हता. कड तिला लगेच सापडली. तिनं काढलेला गोल डॉक्टरांच्या पुसट रेघेवर तंतोतंत बसला. तेव्हापासून दर शनिवारी तीच काढते, आणि काढून झाला की म्हणते, "तेवढंच हाय."

काल शनिवार होता. पेन्सिलीचं ओलं टोक पोटावर फिरताना मला कळतं. आठ आठवड्यांत वाट पाठ झाली आहे. काल ते त्या वाटेनं गेलं नाही. डावीकडून बाहेरून गेलं, बोटभर बाहेरून, आणि पूर्ण फेरी घालून परत आलं. माय जरा थांबली. मग तिनं पदराचं टोक तांब्यात बुडवलं आणि आतली जुनी रेघ पुसायला लागली, हलक्या हातानं, कुठंही दाब न देता. ती रेघ लवकर निघत नाही. तिला बराच वेळ लागला.

मी डोकं उचलून बघितलं नाही.

"किती, माय?" मी विचारलं.

"तेवढंच हाय," ती म्हणाली.

"बरं," मी म्हटलं.